मांडीचं हाड मोडलेलं चार महिन्यांचं बाळ: एक्स-रे किती, कोणते आणि कशासाठी?

तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणाऱ्या एका तरुण बालरोगतज्ज्ञांचा प्रश्न थोडक्यात असा: चार महिन्यांचं बाळ, उजवा पाय हलवत नाही, लंगोट बदलताना किंचाळतं. एक्स-रेत मांडीचं हाड मधोमध मोडलेलं. आजी सांगते, दिवाणावरून खाली पडलं. अंगावर वळ नाही, ओरखडा नाही. घरची माणसं शिकलेली, सभ्य. अशा वेळी मारहाणीचा संशय घ्यायचा का? घ्यायचा तर सगळ्या अंगाचे वेगवेगळे एक्स-रे काढायचे, की मोठ्या प्लेटवर डोक्यापासून पायापर्यंत एकच फोटो चालेल? किरणांचं काय? आणि सीटी, एमआरआय कधी?

डॉक्टर, आधी सरळ उत्तर देतो. पायाला आधार आणि वेदनेवर औषध दिल्यावर बाळाला दाखल करून घ्या. पूर्ण स्केलेटल सर्व्हे, म्हणजे सगळ्या हाडांचे वेगवेगळे एक्स-रे, करा. बाळ हसतंखेळतं असलं तरी डोक्याचा साधा सीटी करा. दोन आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढा. तो एका प्लेटवरचा एकच फोटो, ज्याला आपल्याकडे बेबीग्राम म्हणतात, तो मात्र काढू नका. तो काढला की केसपेपरवर ‘सर्व्हे झाला, नॉर्मल’ असं लिहिलं जातं आणि पुढे कोणी काही बघत नाही. त्यापेक्षा बाळाला जिथे नीट सर्व्हे होईल तिथे पाठवलेलं बरं.

आता संशयाबद्दल. चार महिन्यांचं बाळ कुशीवर वळतं, एखादं पालथंही पडतं. त्यामुळे ते दिवाणावरून पडणं शक्य आहे. पण दीड-दोन फुटांवरून पडलेल्या बहुतेक बाळांना टेंगळापलीकडे काही होत नाही. काहींच्या कवटीला बाजूच्या हाडात सरळ चीर पडते, क्वचित गळ्याजवळचं हाड मोडतं. मांडीचं हाड मोडायला जास्त ताकद लागते. बाळाला कडेवर घेऊन माणूस जिन्यावरून घसरला आणि बाळ खाली सापडलं, अशी हकीगत असती तर मी ती फ्रॅक्चरशी जुळवून पाहिली असती. न चालणाऱ्या बाळाचं मांडीचं हाड मोडलं आणि दिलेली हकीगत त्याला पुरत नसली, की तपास करायचा, एवढा साधा नियम आहे. घर सभ्य आहे की नाही याचा त्यात काही संबंध नाही. सभ्य घर म्हणून सोडायचं आणि वस्तीतलं बाळ म्हणून तपासायचं, हा भेद आपल्या मनात असतो. नियम सगळ्यांना सारखा लावला तरच तो जातो. आणि हे लक्षात ठेवा की याच तपासातून घरच्यांवरचा संशय फिटूही शकतो.

हा विषय मुळात एक्स-रे वाचणाऱ्यांनी उजेडात आणला. न्यूयॉर्कचे जॉन कॅफी यांनी १९४६ साली ६ बाळांच्या केसेस छापल्या. सगळ्यांच्या डोक्यात जुना सबड्युरल रक्तस्राव (मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखाली साचलेलं रक्त) आणि हातापायांच्या लांब हाडांना मिळून २३ फ्रॅक्चर. घरच्यांकडून पडल्या-झडल्याची पटेल अशी हकीगत नाही. हाडांचा कुठला आजारही त्यांना सापडला नाही. ‘मारलं’ हा शब्द तेव्हा उघड उच्चारला गेला नाही. तो उच्चारायला १९६२ साल उजाडलं. बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प यांच्या ‘बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम’ (मारहाण झालेलं मूल) या प्रसिद्ध लेखाच्या लेखकांत फ्रेडरिक सिल्व्हरमन हे रेडिऑलॉजिस्ट होते, हे आमच्या शाखेतले लोक जरा अभिमानानं सांगतात.

सर्व्हे म्हणजे काय ते सांगतो. प्रत्येक भाग वेगळा, किरणांचा झोत (बीम) नेमका त्या भागापुरता आवळून. कवटी समोरून आणि बाजूनं. छाती समोरून, शिवाय डाव्या-उजव्या तिरक्या दोन फिल्म. पोट आणि कंबर. मणका बाजूनं. मग दंड, कोपराखालचा हात, पंजे, मांड्या, पोटऱ्या, पावलं, सगळं दोन्हीकडचं वेगवेगळं. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी आणि ब्रिटनचं रॉयल कॉलेज ऑफ रेडिऑलॉजिस्ट्स यांच्या यादीत थोडा फरक आहे. ब्रिटिश यादीत गुडघे आणि घोटे बाजूनंही घ्यायला सांगतात. एकूण फिल्म वीसच्या वर जातात. टेक्निशियन कुरकुर करेल. करू द्या.

बेबीग्राममध्ये नेमकं काय हुकतं? बीमचा मध्य बाळाच्या पोटावर असतो, त्यामुळे गुडघे, घोटे आणि खांदे तिरक्या किरणांत येतात आणि सांध्यांच्या कडा पुसट होतात. एक्स्पोजर एकच, म्हणून छाती बरी आली तर हात करपतात. बाळ हललं की सगळंच गेलं. आणि ज्या जखमा आपल्याला शोधायच्या असतात त्या नेमक्या या कडांवर असतात. वाढत्या हाडाच्या टोकाशी, मेटॅफायसिसला, कूर्चेलगत हाडाची एक पातळ चकती सुटते. बाजूनं पाहिलं तर कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढा तुकडा दिसतो. किरण जरा तिरके पडले की तीच जखम बादलीच्या कडीसारखी वाकडी रेघ होऊन दिसते. ही दोन फ्रॅक्चर नव्हेत, एकाच जखमेची दोन रूपं आहेत. पॉल क्लाइनमन यांनी १९८६ साली हाडाचे सूक्ष्म काप आणि एक्स-रे शेजारी ठेवून हे दाखवलं. हातपाय धरून ओढला, पिळला किंवा बाळ गदागदा हलवताना हातपाय झोके खात राहिले की ही जखम होते. मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नडगीची दोन्ही टोकं आणि दंडाचं वरचं टोक या तिच्या नेहमीच्या जागा. बाहेरून सूज नाही, काळंनिळं नाही. तुम्ही पाठवलेल्या मोबाईलच्या फोटोत मांडीचं फ्रॅक्चर छान मधोमध आलंय, पण गुडघा अर्धा कापला गेलाय. पहिल्यांदा तो गुडघा बघायचा आहे.

दुसरी जागा म्हणजे बरगड्यांचा मागचा भाग, मणक्याला लागून. बाळाची छाती दोन्ही पंजांत धरून समोरून-मागून आवळली, की बरगडीची मान मणक्याच्या आडव्या काट्यावर टेकते आणि पहारीनं दगड उचकटावा तशी तिथे उचकटली जाते. पाठ सपाट टेबलावर असताना छाती दाबली तर ही उचकटणी सहसा होत नाही. म्हणून सीपीआर दिलेल्या बाळांत मोडल्या तर बरगड्या बहुधा पुढून मोडतात. ‘आम्ही छाती दाबली म्हणून मोडल्या’ असं कुणी सांगितलं तर जागा आधी पाहा. अडचण अशी की ताजं बरगडीचं फ्रॅक्चर समोरच्या फिल्ममध्ये हृदयाच्या सावलीत अगदी सहज लपतं. तिरक्या फिल्म त्यासाठीच. तरीही काही सुटतात.

म्हणून दुसरा सर्व्हे, आणि आपल्याकडे नेमका तोच होत नाही. पहिला नॉर्मल आला की सगळ्यांना हायसं वाटतं, डिस्चार्ज होतो, आणि बाळ परत येत नाही. ब्रिटिश मार्गदर्शनानुसार ११ ते १४ दिवसांनी, फार तर २८ दिवसांच्या आत, पुन्हा एक्स-रे काढायचे. कवटीचे सहसा वगळले तरी चालतात. तोवर मोडलेल्या बरगडीभोवती कॅलस, म्हणजे भरून येणाऱ्या हाडाची गाठ, धरतो, आणि आधी न दिसलेली जागा मण्यासारखी उठून दिसते. उलटही होतं: पहिल्या वेळी शंकास्पद वाटलेला कोपरा दुसऱ्या वेळी जसाच्या तसा असतो, कुठे भरून येत असल्याची खूण नसते, आणि ती शरीररचनेची साधी ठेवण होती हे कळतं. दुसऱ्या सर्व्हेची तारीख डिस्चार्ज कार्डावर लसीच्या तारखेसारखी ठळक लिहा, आणि आले नाहीत तर आशाताईंना निरोप द्या.

फ्रॅक्चरच्या वयाबद्दल विचारलं जाईलच, पोलीस हमखास विचारतात: ‘कधी मोडलं?’ तारीख देऊ नका. लांब हाडावर नवीन हाडाचा थर साधारण आठवडाभरानं दिसू लागतो, कधी पाचव्या दिवशी, कधी दोन आठवडे लागतात. मऊ कॅलस दोन-तीन आठवड्यांत. एवढंच सांगता येतं: ताजं आहे, भरून येतंय, की जुनं आहे. कवटीच्या चिरेला असा थर धरत नाही आणि मेटॅफायसिसच्या जखमाही बऱ्याचदा थर न धरता भरतात, म्हणून या दोन्हींचं वय याप्रकारे ठरवू नये. तरी एकाच बाळात एक फ्रॅक्चर ताजं आणि दुसरं कॅलस धरलेलं, हे दिसलं की ‘परवा पडलं’ ही एक हकीगत दोघांना पुरत नाही, हे निर्विवाद. आणखी एक सावधगिरी: एक ते चार-पाच महिन्यांच्या निरोगी बाळांत मांडी-नडगीवर दोन्हीकडे सारखा, दोन मिलिमीटरच्या आतला नवीन हाडाचा थर असू शकतो. ते वाढीचं लक्षण आहे. तुमचं बाळ नेमकं याच वयाचं.

किरणांचं भय मात्र जास्त धरू नका. नीट घेतलेल्या पूर्ण सर्व्हेचा डोस साधारण ०.२ मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप) येतो. माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे हा महिनाभराचा हिशेब झाला. डोक्याच्या सीटीचा डोस याच्या कितीतरी पट आहे, म्हणून सीटी बाळाच्या सेटिंगवर आणि एकदाच, हे बजावून सांगा. डोस खरोखर वाया जातो तो हललेल्या फिल्म पुन्हा काढण्यात. दोन माणसं धरायला लागतात, दोघांना लेड एप्रन. ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) काढून टाका, डावं-उजवं एक्स्पोजरच्या वेळीच मार्क करा, नंतर संगणकावर चिकटवू नका. कोर्टात पहिला प्रश्न त्यावर येतो. बाळ टेबलावर असतानाच फिल्म बघून घ्या.

डोक्याचा सीटी का, बाळ तर छान आहे? कारण या वयात टाळू उघडी असते, कवटीला जागा असते, आणि सबड्युरल रक्तस्राव असूनही बाळ फक्त किरकिरं किंवा दोनदा उलटी केलेलं दिसू शकतं. एक वर्षाखालच्या संशयित बाळात ब्रिटिश मार्गदर्शन सरसकट सीटी सांगतं, आणि मला ते पटतं. टाळूवरची सोनोग्राफी त्याऐवजी धरू नका. मेंदूच्या बाहेरच्या वळणावरचा पातळ रक्ताचा थर त्यात सुटतो. सीटीचं त्रिमितीय चित्र मागून घ्या: कवटीच्या सांध्याला चीर समजण्याचा किंवा चिरेला सांधा समजण्याचा घोटाळा त्यानं मिटतो. सीटीत काही निघालं, किंवा झटके, गुंगी, टाळू फुगणं असं काही असलं, तर दोन ते पाच दिवसांत मेंदू आणि पूर्ण मणक्याचा एमआरआय. मणका विसरला जातो. मानेच्या वरच्या अस्थिबंधांची इजा आणि मणक्यातलं रक्त तिथेच सापडतं. नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्या, इजा ताजी असतानाच.

इथे वादही आहे आणि तो लपवून उपयोग नाही. सबड्युरल, डोळ्याच्या पडद्यावरचा रक्तस्राव आणि मेंदूची सूज, हे तिन्ही दिसलं की बाळाला हलवलंच, असं समीकरण एकेकाळी मांडलं जाई. २०१६ साली स्वीडनच्या सरकारी मूल्यमापन संस्थेनं या समीकरणामागचा पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं. त्यावर बालरेडिऑलॉजीच्या संस्थांसह अनेकांनी २०१८ साली संयुक्त निवेदन काढून सांगितलं की निदान तीन खुणा मोजून होतच नाही. हकीगत, तपासणी, रक्त, हाडं, चित्रं सगळं जुळवून, इतर आजार वगळून होतं. माझ्या रिपोर्टमध्ये ‘शेकन बेबी’ हे शब्द येत नाहीत. आणि सबड्युरलमध्ये काळं-पांढरं मिसळलेलं दिसलं म्हणजे दोनदा मारलं, असंही लिहू नका. ताज्या रक्तात मेंदूभोवतीचं पाणी मिसळलं तरी तसंच दिसतं.

पोटाबद्दल थोडक्यात. एएसटी किंवा एएलटी (रक्तातली यकृताची एन्झाइम्स) ८० च्या वर असेल, किंवा पोटावर वळ असेल, तर काँट्रास्ट देऊन पोटाचा सीटी. बाळ शांत दिसतं म्हणून एन्झाइम्स टाळू नका.

आता आपल्या भागातल्या गोष्टी, कारण परदेशी मार्गदर्शन वाचून यातल्या काही कळत नाहीत. मुडदूस पहिल्यांदा वगळा. आईला ड जीवनसत्त्व कमी, बाळ फक्त अंगावरच्या दुधावर, थेंब कोणी दिले नाहीत, हे चित्र आपल्याकडे रोजचं आहे. मनगट आणि गुडघ्याच्या फिल्ममध्ये हाडाची टोकं वाटीसारखी, झिरझिरीत दिसतात का पाहा; कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) पाठवा. पण नुसता ड जीवनसत्त्वाचा आकडा कमी आणि एक्स-रेत मुडदूस नाही, तर त्या आकड्यावर फ्रॅक्चर ढकलता येत नाही. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टासाठी (जन्मजात ठिसूळ हाडांचा आजार) कवटीच्या सांध्यांत बेटांसारखी जास्तीची हाडं, घरात कोणाला वारंवार फ्रॅक्चर, निळसर डोळे हे बघा. मात्र या वयात डोळ्यांचा पांढरा भाग थोडा निळा असणं नेहमीचं आहे. कमी दिवसांचं, एनआयसीयूत राहिलेलं बाळ असेल तर तेही लिहा.

डोक्यात रक्त निघालं तर प्रोथ्रोम्बिन टाइम (रक्त गोठण्याची तपासणी) बघितल्याशिवाय एक शब्द पुढे लिहू नका. घरी बाळंतपण, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन राहून गेलेलं, बाळ फक्त आईच्या दुधावर: दोन आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत या बाळांत मेंदूत रक्तस्राव होतो आणि आईबाप विनाकारण पोलीस ठाण्यात जातात. ग्लुटारिक अ‍ॅसिड्युरिया या चयापचयाच्या जन्मजात आजारातही सबड्युरल होतो.

पाठीवरचे, कुल्ल्यांवरचे निळे डाग जन्मखुणा असतात. वळ पिवळा पडतो, तो डाग आठवड्यानंही तसाच राहतो. मेळघाटात पोटफुगीवर बाळाच्या पोटावर डागण्या देतात. ती इजाच आहे आणि नोंदवायची आहे, पण तिथे करणाऱ्याचा समज वेगळा असतो आणि बोलणंही वेगळं लागतं. आणि बाळाला न्हाऊ-माखू घालायला कोण येतं, हे जरूर विचारा. मालीश करताना हातपाय ताणणं, आडवे-तिडवे खेचणं, पायाला धरून उलटं करणं चालतं. वाकड्या पावलांना प्लास्टर घालताना डॉक्टरांच्याच हातून मेटॅफायसिसची जखम झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे, तर दांडगट मालीशीतून ती होणारच नाही असं मी म्हणणार नाही. मांडीचं हाड मधोमध मोडणं मात्र मालीशीच्या खात्यावर सहज टाकू नका. जन्मावेळच्या फ्रॅक्चरचा प्रश्न या बाळात येत नाही; ते चौथ्या महिन्यापर्यंत कधीच भरून आलं असतं.

नोंद आणि कायदा. इजा संशयास्पद वाटली की एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंदवायची. त्यासाठी खात्री लागत नाही, वाजवी संशय पुरतो. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारकच आहे, न कळवणं हा गुन्हा. नुसती मारहाण असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ लागतं. बालकल्याण समितीला आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा. घरच्यांशी बोलताना आजीला एकटीला आणि आईला एकटीला विचारा, जबाब जसाच्या तसा, त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘तुम्ही मारलंत का’ हा प्रश्न डॉक्टरचा नव्हे. ‘न चालणाऱ्या बाळाचं हाड मोडलं की आम्ही प्रत्येकाचे सगळे एक्स-रे काढतो, हाडं ठिसूळ आहेत का तेही बघायचंय’ असं सांगा. ते खरंही आहे, आणि त्यावर फारसं कोणी भांडत नाही. रिपोर्टमध्ये काय दिसलं, किती जुनं वाटतं, दिलेल्या हकीगतीशी जुळतं का, एवढंच लिहायचं. कोणी केलं, हे एक्स-रेत दिसत नाही.

फिल्म व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. त्यात बारीक कडा दाबल्या जातात आणि मी पाहिलेल्या फोटोवर मत देणं धोक्याचं आहे. मूळ डायकॉम फाइल (मशीनमधून निघणारी पूर्ण तपशिलाची फाइल) सीडीवर किंवा लिंकनं पाठवा. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या रेडिऑलॉजी विभागातल्या दुसऱ्या डोळ्यांनीही ती वाचली जावी.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही. घरात दोन वर्षांखालचं आणखी एखादं मूल आहे का? जुळं भावंड असेल तर त्याचाही सर्व्हे याच आठवड्यात करा, ते ठणठणीत दिसत असलं तरी.